व्यायामाच्या सायकलवर वर्कआउट कसं लावायचं?

सोनटक्का | २ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मार्चमधल्या रक्ततपासणीत माझा एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ आला, म्हणजे साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, गोळी एवढ्यात नको, पण रोज व्यायाम हवा. म्हणून एप्रिलमध्ये घरात सायकल घेतली. मॅग्नेटिक आहे, दांड्यावर लाल नॉब आहे, पडद्यावर वॉट आणि आरपीएम (मिनिटाला पायडलच्या फेऱ्या) दिसतात, ब्लूटूथही आहे. वय ५४, राहायला नाशिकला.

रोज सकाळी ४० मिनिटं चालवते. नॉब त्याच जागी, ६० आरपीएम, साधारण ६० वॉट. पहिल्या महिन्यात छान दम लागायचा, आता घामही येत नाही. ॲपमध्ये शेकडो वर्कआउट आहेत, 'बिगिनर', 'लेव्हल २', 'फॅट बर्न' अशी नावं. पण ते कुणाला धरून बनवलेत तेच कळत नाही. एक लावून पाहिला तर सातव्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले, दुसरा लावला तर नेहमीपेक्षा सोपा निघाला.

स्वतःपुरतं वर्कआउट कसं लावायचं, ते कुणी नीट सांगेल का? ॲप लागतंच का? आणि गेले दोन आठवडे उजव्या गुडघ्याची वाटी पुढून दुखतेय, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

चिंचोका | २ जुलै, रात्री १०.०५

तीन महिने न चुकता रोज ४० मिनिटं! आधी त्याबद्दल मनापासून अभिनंदन. घाम येत नाही म्हणजे शरीराने ते काम पचवलंय, आता पुढची इयत्ता. जाणकार येतीलच.

मोकळा_रस्ता | २ जुलै, रात्री १०.३१

ताई, नाशिकमध्ये राहता आणि खोलीत सायकल चालवता? पहाटे साडेपाचला गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागा. चढ आला की जोर लागतो, उतार आला की विसावा मिळतो. वर्कआउट रस्ताच लावून देतो. वॉट, आरपीएम हे सगळं नंतरचं.

घाटकरी | २ जुलै, रात्री ११.१२

@मोकळा_रस्ता, रस्त्याची मजा मला वेगळी सांगायला नको, दर रविवारी बोपदेव घाट चढतो. पण जुलैचा पाऊस, खड्डे, ५४ वय आणि दुखरा गुडघा, एवढं सगळं समोर असताना घरातली सायकल हेच योग्य. रस्ता थंडीत.

सोनटक्का ताई, वर्कआउटच्या आधी सीट. वाटी पुढून दुखते तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा फार पुढे सरकवलेली असते. गुडघा पायडल वर येताना जास्त दुमडतो आणि प्रत्येक फेरीला वाटीवर दाब येतो. गुडघ्याच्या मागे दुखलं तर उलट, सीट जास्त वर.

घरच्या घरी असं बघा. सायकलवर बसा, एक पायडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढा, २५ ते ३५ अंशांचा बाक आपोआप येतो. पुढे-मागे बघायचं तर दोन्ही पायडलं जमिनीला समांतर करा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरीला किल्ली बांधून सोडा. किल्ली पायडलच्या आसावर पडली पाहिजे. बोटांच्या बाजूला पडली तर सीट मागे घ्या.

सीट एकदम दोन इंच वर नेऊ नका. अर्धा सेंटिमीटर, मग तीन दिवस चालवून बघा. आणि जागा ठरली की सीटच्या दांड्यावर मार्करने रेघ मारून ठेवा, घरात दुसरं कुणी बसलं की तुमचं माप हरवतं.

कोडवाला | ३ जुलै, सकाळी ८.२०

ॲपवाल्या भागाचं मी सांगतो. त्या वर्कआउटमध्ये आकडे वॉटचे नसतात, टक्क्यांचे असतात. कशाचे टक्के? एफटीपीचे. म्हणजे तुम्ही साधारण तासभर जास्तीत जास्त जेवढे वॉट टिकवू शकता तो आकडा. तो भरला नसेल तर ॲप स्वतःच्या मनाने काहीतरी धरतं, म्हणून तुम्हाला एक अशक्य आणि एक सोपा लागला.

एफटीपी काढायच्या दोन रूढ रीती. २० मिनिटं जीव तोडून चालवा आणि सरासरीचे ९५ टक्के घ्या. किंवा रॅम्प टेस्ट: दर मिनिटाला लोड वाढवत जायचा, पाय थांबले की शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाचे ७५ टक्के.

स्वतःचं वर्कआउट लिहायचं असेल तर झ्विफ्ट या सायकलिंग ॲपची झेडडब्ल्यूओ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये लिहिलेला साधा मजकूर असतो. वेळ सेकंदांत, पॉवर अपूर्णांकात. ६०० आणि ०.६५ लिहिलं की दहा मिनिटं ६५ टक्क्यांवर. 'इतक्या वेळा परत' अशीही सोय आहे. दहा मिनिटांत फाइल तयार होते.

पण ताई, आधी एक सांगा. नॉब तुम्हीच फिरवता की ॲप सांगेल तसा लोड आपोआप बदलतो?

सोनटक्का | ३ जुलै, दुपारी २.१५

@घाटकरी, दोरीला देवघराची किल्ली बांधली. ती पायडलच्या चांगली चार बोटं पुढे पडली! सीट मागे घेतली, थोडी वरही केली.

@कोडवाला, नॉब मीच फिरवते. ॲप फक्त आकडे दाखवतं.

कोडवाला | ३ जुलै, दुपारी ३.०२

मग तुमचं ब्लूटूथ एकतर्फी आहे. सायकल सांगते, ॲप ऐकतं. ज्या सायकलींत मोटर लोड बदलते, तिथे 'अर्ग मोड' असतो. १०० वॉट ठरवले की तुम्ही हळू फिरवा नाहीतर जोरात, यंत्र लोड कमी-जास्त करून १०० वरच ठेवतं. त्याची एक खोड ज्यांच्याकडे तशी सायकल आहे त्यांनी लक्षात ठेवावी: दमून आरपीएम उतरला की यंत्र लोड वाढवतं, मग आरपीएम आणखी उतरतो, आणि अर्ध्या मिनिटात पाय चिखलात रुतल्यासारखे थांबतात. जोराचा टप्पा यायच्या पाच सेकंद आधीच पाय वेगात आणायचे, म्हणजे हे होत नाही.

तुमच्यासाठी मात्र ॲप फक्त घड्याळाचं काम करेल. तेवढं काम कागदही करतो.

प्रयोगवही | ३ जुलै, संध्याकाळी ६.४४

या निमित्ताने कॉलेजची शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा आठवली. तिथे स्वीडनची मोनार्क सायकल होती. चाकाभोवती पट्टा, पट्ट्याला लोलक, लोलकाखाली किलोचे आकडे. पायडलच्या एका फेरीत चाकाचा काठ ६ मीटर जातो. म्हणून १ किलोचा ताण आणि ६० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३६० किलोग्रॅम-मीटर, अंदाजे ५९ वॉट. सगळं डोळ्यांसमोर, लपवाछपवी नाही. सर आम्हाला पट्टा आवळायला लावायचे आणि वही पुढे करून विचारायचे, आता किती?

घरच्या सायकली बहुधा नॉबच्या जागेवरून आणि आरपीएमवरून वॉटचा अंदाज बांधतात. दोन घरांतल्या दोन सायकलींचे ६० वॉट सारखे असतीलच असं नाही. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. पण तीच सायकल तुम्हाला आज आणि महिन्याने जे दाखवेल, त्याची तुलना करायला काहीच हरकत नाही.

वैद्यबाई | ३ जुलै, रात्री १०.२८

थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे रक्तशर्करेचा विषय आहे.

सोनटक्का, तुम्ही आत्ता २० मिनिटांची जीवतोड टेस्ट किंवा रॅम्प टेस्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, साखर काठावर असलेल्या माणसाने पूर्ण ताकदीची चाचणी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, गरज वाटली तर ईसीजी काढावा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विचित्र धाप, चक्कर, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं. 'एवढा सेट संपवते' हा हट्ट तिथे नको.

नाडीवरून टप्पे लावायचे तर '२२० वजा वय' सगळ्यांना माहीत असतं, तुमचं १६६ येईल. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र '२०८ वजा वयाच्या ०.७ पट', त्याने १७०. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. आणि बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी वर चढतच नाही, मग ही सूत्रं पूर्ण फसतात.

म्हणून मी माझ्या रुग्णांना बोलण्याची कसोटी सांगते, चालवताना किती सलग बोलता येतं ते बघायचं. रुग्णांना वाक्य सुचत नाही, म्हणून मी पाढा म्हणायला लावते. पाच मिनिटं हलकं चालवा. मग दर तीन मिनिटांनी १० वॉट वाढवा आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. जोवर तो घरी म्हणाल तसा सलग येतो, तोवर तुम्ही सोप्या टप्प्यात आहात. 'सतरा त्रिक' म्हणून श्वास घेऊन मगच 'एक्कावन्न' येतं, तो वॉट कागदावर लिहा, तो मधला टप्पा. नुसतं 'एक्कावन्न', 'अडुसष्ट' असे सुटे शब्दच निघतात, तो जोराचा टप्पा. तिथे थांबा, पुढे जाऊ नका. हे तीन आकडे मिळाले की वर्कआउट लावता येतं.

साखरेबद्दल: स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्शुलिनची फारशी मदत न घेता तो रक्तातलं ग्लुकोज ओढतो. त्यामुळे सकाळच्या ४० मिनिटांखेरीज रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं अगदी हलकं चालवलंत तर जेवणानंतरची साखर कमी चढेल. (जे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी मात्र साखर फार खाली जाण्याची काळजी घ्यावी, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.)

पिंपळपान | ४ जुलै, सकाळी ७.०५

पाढ्याची कसोटी भारी आहे! मी आज एकोणतीसचा पाढा घेऊन बसले. ५० वॉटलाच अडकले, पण तो दोष फुप्फुसांचा नसून आमच्या गुरुजींच्या नजरेपासून लपलेल्या तिसरीतल्या दुपारींचा आहे :)

सावनी_ड | ४ जुलै, सकाळी ११.३०

वैद्यबाईंना दुजोरा. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाल्यावर रिहॅबमध्ये सायकलच दिली होती. त्यांना बीटा-ब्लॉकर असल्यामुळे नाडीकडे बघूच नका म्हणाले. भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा तक्ता होता, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचा. ६ म्हणजे स्वस्थ बसलेलो, २० म्हणजे याहून जास्त होणे नाही. फिजिओथेरपिस्ट दर दोन मिनिटांनी विचारायची, "आजोबा, किती?" ते म्हणायचे "अकरा", आणि ती नॉब तसाच ठेवायची. "चौदा" म्हणाले की लगेच सैल. सहा आठवड्यांनी ज्या लोडला ते चौदा म्हणायचे, त्याच लोडला अकरा म्हणायला लागले. आकडा उतरला त्या दिवशी सासूबाईंनी सांजा केला होता.

मिरजेचा_ठेका | ४ जुलै, रात्री ९.१८

मी तबला शिकवतो, सायकल तीन वर्षं चालवतोय. ॲप वापरत नाही, तबल्याचं ॲप वापरतो. कसं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

लय ८० ठेवा आणि तीनताल लावा. एका मात्रेला पायडलची एक पूर्ण फेरी, उजवा पाय मात्रेवर खाली. म्हणजे तुमचा आरपीएम ८० झाला. तीनताल १६ मात्रांचा, म्हणून पाच आवर्तनं म्हणजे बरोबर एक मिनिट. घड्याळाकडे बघायचं कारणच नाही. चार मिनिटांचा जोराचा टप्पा म्हणजे २० आवर्तनं, तीन मिनिटांचा विसावा म्हणजे १५. समेवर नॉब आवळायचा, समेवर सैल करायचा. लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) चालू असला की दमलेला पायसुद्धा सम चुकवत नाही, हे मी स्वतःवर अनुभवलंय.

आणखी एक गंमत. जपानच्या इझुमी ताबाता यांची १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आहे, २० सेकंद पूर्ण जोर आणि १० सेकंद विसावा, सात-आठ वेळा. तो प्रयोगही सायकलवरच झाला होता. लय ९६ केली तर तीनतालचं एक आवर्तन नेमकं १० सेकंदांचं होतं. दोन आवर्तनं जोर, एक आवर्तन विसावा. आठ वेळा केलं की चोवीस आवर्तनं, चार मिनिटं. जणू तीनतालासाठीच बांधलंय.

वैद्यबाई | ४ जुलै, रात्री ९.५०

@मिरजेचा_ठेका, अप्रतिम! फक्त सोनटक्का यांनी ताबाता आत्ता करू नये. तो प्रयोग तरुण, तयारीच्या मुलांवर झालेला आणि जोर खरोखर शेवटच्या थेंबापर्यंतचा होता. ८० ची लय मात्र उत्तम. ६० वॉटच ठेवून ६० ऐवजी ८० आरपीएमने फिरवलं, तर प्रत्येक फेरीत पायडलवरचा दाब पाव हिश्श्याने कमी होतो. गुडघ्याला ते हवंच आहे.

ठाणेकर | ५ जुलै, सकाळी ८.४०

आमच्याकडे क्रिकेट. एक ओव्हर जोरात, एक ओव्हर हळू. ओव्हर साधारण चार मिनिटांची. फिरकी गोलंदाज आला की लवकर सुटका, तिसरा पंच आला की आपला जीव गेला.

मोकळा_रस्ता | ५ जुलै, सकाळी ९.१५

मी अजूनही म्हणतो, हे सगळं मोजमाप म्हणजे जेवताना घास मोजण्यासारखं आहे. सायकल आनंदासाठी असते.

टोरांटोकर | ५ जुलै, संध्याकाळी ७.५५

@मोकळा_रस्ता, इथे नोव्हेंबर ते मार्च बाहेर बर्फ असतो. पहिली दोन वर्षं मी आनंदासाठी म्हणून तळघरात मन मानेल तशी चालवली, रोज मध्यम जोर. ना हलकं, ना खरं जोराचं. वसंतात बाहेर पडलो की गेल्या वर्षी होतो तिथेच. मग आठवड्यात दोनच दिवस जोराचे, बाकीचे दिवस खरोखर हलके असं लावलं, आणि एप्रिलमधला पहिला चढ मी बसूनच चढलो. मोजण्यामुळे तो आनंद मिळाला, हे मनापासून सांगतो.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत एकट्याने पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. मन मानेल तसं चालवून तिथवर कुणी पोचत नाही.

आणि पंखा लावा, ताई. बाहेर वारा अंगावरून जातो, खोलीत जात नाही. त्याच वॉटला नाडी हळूहळू चढत जाते, आणि माणसाला वाटतं आपलीच ताकद कमी झाली. हँडलवर पंचाही ठेवा, घामाच्या मिठाने सीटच्या दांड्याचे स्क्रू गंजतात.

घाटकरी | ५ जुलै, रात्री १०.२०

सुरक्षेचं राहिलंच. स्पिन बाइकचं जड चाक पायडलला थेट जोडलेलं असतं, पाय थांबवले तरी पायडल फिरत राहतं. दोन वर्षांपूर्वी एका जिममध्ये वेगात असताना माझा पाय पट्ट्यातून सुटला आणि मागून आलेलं पायडल नडगीवर बसलं. हाडापर्यंत खोक पडली, सहा टाके. तिथे कुणी सांगितलंच नव्हतं की नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो. तुमच्या सायकलचा नॉब दाबून बघा, तसं असेल तर पहिल्या दिवशीच हाताला सवय लावा. घरात लहान मूल असेल तर चालवून झाल्यावर नॉब पूर्ण आवळून ठेवा, चाकाजवळ बोटं जायला वेळ लागत नाही.

सोनटक्का | ७ जुलै, दुपारी १.१०

डॉक्टरांशी बोलले, ईसीजी व्यवस्थित आहे. आज पाढा-चाचणी केली. ८० ची लय लावून. ६० वॉटला सतराचा पाढा सलग. ८० ला 'सतरा चोक' आणि 'अडुसष्ट'च्या मध्ये श्वास घ्यावा लागला. ९५ ला नुसतेच आकडे. शेजारच्या खोलीतून नातू ओरडला, "आजी, सतरा सात सांग!" आणि मला सांगता येईना.

आता हे तीन आकडे घेऊन आठवडा कसा लावू?

वैद्यबाई | ७ जुलै, रात्री १०.०२

सोमवार आणि गुरुवार जोराचे. दहा मिनिटं हलकं, ४५-५० वॉटवर सुरू करून ६० पर्यंत. मग दोन मिनिटं ९५, तीन मिनिटं ५०, असं चार वेळा. शेवटी आठ मिनिटं हलकं. दोन आठवड्यांनी दोनाची तीन मिनिटं करा, पुढच्या दोन आठवड्यांनी चार. नॉर्वेत ट्राँडहाइमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली चार गुणिले चार हीच, चार मिनिटं जोर आणि तीन मिनिटं हलकं. तुम्ही तिथे पायरी पायरीने पोचाल.

मंगळवार, शुक्रवार ६० वॉट, पाढा सलग येईल असं, ४० मिनिटं. तो दिवस सोपा वाटला म्हणून नॉब आवळायचा नाही. शनिवारी दहा-दहा मिनिटांचे दोन टप्पे ८० वर, मध्ये पाच मिनिटं सोपी. बुधवार आणि रविवार चालायला जा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं सांगते, त्यात तुम्ही आरामात बसता.

गुडघा दुखला तर जोराचा दिवस रद्द, हलका दिवस चालेल.

कोडवाला | ७ जुलै, रात्री १०.४०

नॉबला खाचा नसतील तर ९५ दर वेळी शोधण्यात अर्धं मिनिट जाईल. नॉब पूर्ण सैल करा, तिथून ८० आरपीएमला ५० वॉट किती वळशांवर आणि ९५ किती वळशांवर ते मोजून ठेवा.

सोनटक्का | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०

महिन्याचा हिशोब द्यायला आले. एकही दिवस बुडाला नाही, फक्त एका गुरुवारी गुडघ्याने कुरकुर केली म्हणून हलकं चालवलं. तेवढं सोडलं तर सीट बदलल्यापासून वाटी दुखलेली नाही.

नॉबच्या कडेला सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि दांड्यावर एक. ठिपके जुळले की ५०. तिथून एक पूर्ण वळसा आणि वर पाव, म्हणजे ९५. डोळे मिटूनही हात तिथे जातो. समोर भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर आठवडा लिहून चिकटवलाय, झालं की नातू त्यावर टिकली लावतो.

काल परत पाढा-चाचणी केली. ८० ला आता सलग येतो. अडखळायला ९० पर्यंत जावं लागलं. एचबीए१सी तीन महिन्यांचं सांगतो म्हणून रक्त ऑक्टोबरमध्ये तपासणार. रात्री जेवणानंतरची १५ मिनिटंही चालू आहेत, तेव्हा मालिका बघते.

एक प्रश्न. आता श्रावणी सोमवारचा उपवास आहे आणि सोमवार माझा जोराचा दिवस. काय करू?

मिरजेचा_ठेका | ९ ऑगस्ट, रात्री ८.१२

नव्वद! वा! आता लयीत ८४ करून बघा, हळूच.

वैद्यबाई | ९ ऑगस्ट, रात्री ९.०५

फार छान. श्रावणभर सोमवारी हलकं चालवा आणि जोराचा दिवस मंगळवारी घ्या, गुरुवार आहे तिथेच ठेवा. सोमवारी संध्याकाळी उपवास सोडताना साबुदाण्यापेक्षा वरण-भात, भाजी बरी, साबुदाण्याने साखर भराभर चढते. आणि ९५ आता तुम्हाला मधल्या टप्प्याच्या जवळ आलंय, म्हणून मंगळवारपासून जोराचा आकडा १०५ धरा, चारऐवजी परत तीन मिनिटांपासून.

सोनटक्का | ९ ऑगस्ट, रात्री ९.२०

ठीक. दुसरा ठिपका लावते.